खाणीतल्या भुकटीची बॅग

आचल सुरेश मेश्राम हिचा उजवा हात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी मोडला. 'मोडला' हा शब्द मी मुद्दाम वापरते. मंडळाच्या लोकांनी नंतर 'दुखापत', 'मुरगळा', 'योगायोग' असे बरेच शब्द वापरले. हात समोरच्या खेळाडूने मोडला नाही. समोर खेळाडू नव्हतीच. समोर होती छताला साखळीने टांगलेली एक बॅग. आणि त्या बॅगेत काय भरलं आहे, हे हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं.

मी त्या हॉलमध्ये असिस्टंट कोच होते. हॉल मोहाडीत, आठवडी बाजाराच्या मैदानामागे, पत्र्याच्या छताचा. एका मंडळाचा. मंडळाचं नाव लिहीत नाही. असे हॉल आपल्या जिल्ह्यात आहेत आणि बाहेरही आहेत. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात.

आचल मूळची नाकाडोंगरीकडची. वडील सुरेशभाऊ खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली लोडिंगला. तिकडे बॉक्सिंग शिकायची सोय नाही, म्हणून पोरगी मोहाडीला आत्याकडे राहिली. बारावी झाली होती. हिशोब सरळ होता. राज्य पातळीवर पदक मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येतो. घरात कोणालाच पगाराची नोकरी नाही. पदकाच्या गोष्टी करताना तिच्या घरचे लोक पदकाबद्दल बोलतच नसत, वर्दीबद्दल बोलत.

ती विभागाच्या स्पर्धेत पॉइंटवर हरली, तिथून ही गोष्ट सुरू होते. पायाने चपळ. समोरचीचा हात येईपर्यंत ही तिथे नसायची. पण हिचा हात लागला तरी समोरची मागे सरकत नव्हती. परत आल्यावर हेड कोच लांजेवार सरांनी सुरेशभाऊंना हॉलवर बोलावलं.

"पोट्टी चपळ आहे, सुरेशभाऊ. त्यात वाद नाही. पण पंच कसा मारते? ताटावरची माशी हाकलल्यासारखा."

सुरेशभाऊ ओशाळून हसले. "मंग काय करा लागन जी?"

"जड मारा लागन. जड बॅगवर मारल्याशिवाय हात जड होत नाही."

आचल मागे उभी राहून हातावरची पट्टी गुंडाळत होती. मला हळूच म्हणाली, "ताई, माह्या घरी माशा कमी नाहीत. सरांना जेवाले बोलवा."

लांजेवार सर वाईट माणूस नाहीत. हे लिहायला मला कष्ट पडतात, पण खरं आहे. तरुणपणी स्वतः खेळलेले. पहाटे हॉल उघडायला कधी चुकले नाहीत. पोरींकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्या दोघांना त्यांनी एकदा मैदानातून हाकललं होतं. त्यांना त्यांच्या कोचने जसं शिकवलं तसं ते शिकवत होते, आणि त्यापुढे कोणी काही शिकलं असेल हे त्यांना मान्य नव्हतं.

पंचमधली ताकद कुठून येते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बघणाऱ्याला वाटतं पंच हाताने मारतात. हात शेवटी येतो. सुरुवात जमिनीपासून होते. मागचा पाय चवड्यावर फिरतो, पायाने दिलेला जोर कमरेत येतो, कंबर वळते, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. मूठ नुसती पोचवणारी. पाय फिरला नाही तर मागून काही येतच नाही, मग दंड कितीही फुगवा. म्हणून ताकद वाढवायची तर पाय आणि कंबर यांचं काम करायचं. उड्या, बैठकीतून झेप, आणि मेडिसिन बॉल म्हणजे जड चेंडू कमरेच्या झटक्याने भिंतीवर फेकणं. आमच्याकडे मेडिसिन बॉल नव्हता. मी जुन्या बास्केटबॉलमध्ये रेती आणि चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतला. तेव्हा जुगाडाला माझा विरोध होता असं कोणी समजू नये. जुगाडाशिवाय आमचा हॉल एक दिवस चालला नसता.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. ताकदीचा सराव दमल्यावर करायचा नसतो. चार-पाच वेळा पूर्ण जोराने मारायचं, मग थांबायचं, श्वास जागेवर आणायचा, मग पुन्हा. दमलेलं शरीर आधी पाय फिरवायचं सोडतं. मग माणूस नुसत्या हाताने मारतो आणि मनगट वाकतं. वाकलेल्या मनगटाने जड वस्तूवर मारणं म्हणजे हाड मोडायचा सराव.

सरांनी मला सकाळची वेळ दिली. "कर तुही फेकाफेकी. संध्याकाळ माझी."

मी आचलला मागचा पाय फिरवायला शिकवत होते. "बिडी विझवल्यासारखा चवडा फिरव," मी म्हटलं.

"माही आजी बिड्या वळे, ताई. इझवत नोती."

"मग आजोबा?"

"ते इझवतच नोते. एकीवर दुसरी लावत."

पण पाय फिरायला लागला. दिवाळीनंतर सुरू केलेलं काम उन्हाळ्यापर्यंत दिसू लागलं. भिंतीवर चेंडू आपटला की पत्रा हलायचा.

संध्याकाळची गोष्ट वेगळी. हॉलमध्ये एकच बॅग. आत कापडाच्या चिंध्या, बऱ्यापैकी हलकी. बॅग साधारण खेळाडूच्या निम्म्या वजनाची असावी असं मला कोचिंगच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. मारल्यावर ती थोडी दबली पाहिजे आणि थोडी हलली पाहिजे. दबणारी बॅग धक्का पोटात घेते. न दबणारी बॅग तो धक्का तुमच्या हाताला परत देते. सरांना ती हलणारी बॅग पसंत नव्हती. पहिल्यांदा त्यांनी राइस मिलमधून कोंडा आणून भरला. कोंडा हलका निघाला, त्यात किडे झाले, आणि मग उंदरांनी शिवण कुरतडली.

तेव्हा सुरेशभाऊ बोलले. पोरीला भेटायला आले होते, दारात चप्पल काढून उभे.

"सर, आमच्या खाणीत भुकटी पडून राहते जी. मॅंगनीजची. मुठीत घेतली तं हात खाली येते, इतकी जड. कामाची नाही म्हणून बाजूले ढीग मारून ठेवतेत. चालन का?"

सरांचा चेहरा उजळला. "चालन काय, तेच पायजे."

मी म्हटलं, "सर, भुकटी तळाशी बसेल. वर चिंध्या राहतील आणि खाली दगड होईल. शिवाय आचलचं वजन किती, बॅगचं किती होईल?"

"तुह्या कोर्सच्या पुस्तकात मॅंगनीजबद्दल लिहिलं आहे का?"

"नाही."

"मंग तू काहून डोकं लावून राहिली?"

तिथे उभे होते ते हसले. आचलही हसली. मीही थोडी हसले, उत्तर चांगलं होतं.

सुरेशभाऊंनी ती भुकटी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत भरून, तुमसरला बस बदलून, फेऱ्या मारून आणली. प्रत्येक फेरीला कंडक्टर विचारायचा, पिशवीत काय आहे, आणि हे सांगायचे, पोरीच्या खेळाचं सामान. शेवटच्या फेरीला ते आणि सर दोघे मिळून भरायला बसले. चिंध्यांचा थर, भुकटीचा थर, पुन्हा चिंध्या. तोंड मोच्याकडून पक्कं शिवून घेतलं. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. बॅग टांगायला चौघे लागले. टांगून झाल्यावर सुरेशभाऊंनी तिला खांद्याने ढकलून बघितलं. ती हलली नाही. तसे ते पोरीकडे वळून म्हणाले, "घे माय. आता मार."

पुढे जे झालं त्याने सगळं बिघडलं, कारण पुढे चांगलं झालं. उन्हाळ्यात तुमसरला सरावाचे सामने होते. आचलने दुसऱ्या राउंडमध्ये उजवा हात मारला आणि समोरची पोरगी दोन पावलं मागे जाऊन दोरीला टेकली. रेफरीने थांबवून आठपर्यंत मोजलं. खेळाडू पुढे खेळायच्या स्थितीत आहे की नाही हे बघायला मोजतात. आमच्या मंडळाच्या पोरीसाठी समोरचीला मोजावं लागलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मंडळाचे अध्यक्षसाहेब खुर्चीवरून उठले.

परतीच्या जीपमध्ये ताकद कुठून आली याचा निकाल लागून गेला होता. बॅगमुळे. मी म्हटलं, त्या पंचला मागचा पाय पूर्ण फिरला होता, कोणी बघितलं का. कोणी बघितलं नव्हतं. पाय बघायला कोणी जात नाही. भुकटीची बॅग मात्र सगळ्यांना दिसत होती, चार जणांनी उचललेली.

त्यानंतर सकाळचं माझं काम सरांनी अर्ध्यावर आणलं, मग बंद केलं. "एवढी बॅग असताना चेंडू कायले फेकता?" संध्याकाळी बॅग, रोज, थांबायचं नाही. विश्रांती मागितली की सर म्हणत, "रिंगणात समोरची विश्रांती देईन का तुले?" हे वाक्य ऐकायला दणदणीत आहे. दमाच्या सरावाला लागूही पडतं. ताकदीच्या सरावात या वाक्याने हात मोडतात.

पाऊस लागला. आमच्या हॉलच्या पत्र्याला भोकं आहेत. दमट हवेत भुकटी आतल्या आत झिरपत खाली गेली आणि गोळा व्हायला लागली. बाहेरून बॅग तशीच. पण आवाज बदलला. चांगली बॅग 'धप्प' वाजते. ही वरच्या भागात 'धप्प' वाजायची आणि खाली 'ठक'. तळाच्या शिवणीतून काळं गळायचं, पोरींच्या पट्ट्या काळ्या व्हायच्या. मी बोटाने तळ दाबून बघितला. बोट आत गेलं नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आवाज येऊन राहिला म्हणजे पंच लागून राहिला."

मी अध्यक्षसाहेबांकडे गेले. ते दुकानात गिऱ्हाईक करत होते.

"बॅग फाडून पाहायची म्हणता? आत्ता? राज्याची निवड चाचणी तोंडावर आली ना?"

"म्हणूनच, साहेब."

"पोरगी मारून राहिली, बॅग टिकून राहिली. तुमचा त्रास काय आहे नेमका? गणपती झाले की पाहू."

गणपतीच्या आधी पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी फिरतात. हॉलमधली लहान पोरं सगळी तिकडे गेलेली. हॉलमध्ये सर, मी, आचल आणि अजून दोघी. त्या दोघी दोरीच्या उड्या मारत होत्या. सर आचलला बॉडी पंच शिकवत होते, म्हणजे समोरचीच्या पोटावर आणि बरगडीवर मारायचे हूक. हूक म्हणजे बाजूने वळवून मारलेला पंच. पोटावर मारायचा तर बॅगेवरही खाली मारावा लागतो. आचल उंचीने कमी. तिचा हात बरोबर तळाच्या त्या भागावर जात होता.

तिचा पाय फिरायचा थांबला होता. तळवा सपाट जमिनीवर. मी लांबून म्हटलं, "सर, दमली ती. थांबवा."

"अजून," सर म्हणाले. मला नाही, तिला.

'ठक' असा आवाज आला. आचल ओरडली नाही. तिने उजवा हात डाव्या हाताने धरला आणि बॅगेकडे बघत राहिली, जशी काही ती बॅग आता उलट मारणार आहे. मग दाताने ग्लोव्हची पट्टी सोडवायला लागली.

"ताई, हात माहा वाटून नाही राहिला."

सरांनी स्प्रे मारला. "मुरगळला असन. उद्यापासून दोन दिवस डाव्यानं मार."

अंगठा वर उचलला की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक लहान खळगा दिसतो. तुम्हीही आपल्या हातावर बघा. त्या खळग्याखाली काजूच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. मी तिथे हळूच दाबलं. तिने हात असा ओढून घेतला की तिचं कोपर माझ्या हनुवटीला लागलं. कोर्समध्ये आम्हाला एवढं शिकवलं होतं की पंच मारल्यानंतर तिथे दुखत असेल तर मोडलेलंच समजायचं, हात बांधून ठेवायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. बाकीचं नंतर नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं. त्या हाडाला रक्त एकाच बाजूने मिळतं. मोडलं आणि वेळेत प्लास्टर झालं नाही तर अर्धं हाड उपाशी राहतं आणि जुळत नाही. आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते मोडलेलं बऱ्याचदा दिसतच नाही.

मोहाडीच्या दवाखान्यात काढलेल्या पहिल्या एक्स-रेमध्ये दिसलं नाही. डॉक्टर नीट बोलले. म्हणाले, आज काही दिसत नाही, पण हात बांधून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू. सर आणि आचल दोघेही समोर होते. यातलं 'काही दिसत नाही' तेवढं हॉलमध्ये पोचलं.

"पाहा," सर मला म्हणाले, "फोटो क्लिअर आहे. उगाच पोट्टीले घाबरवून राहिली होती तू."

मी आत्याच्या घरी गेले. आचल डाव्या हाताने पोळी तोडत होती.

"खेळू नकोस," मी म्हटलं. "ही चाचणी जाऊ दे. पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी वय बसन का माहं या गटात?"

"मोठ्या गटात खेळ."

"मोठ्या गटात कोण राहते तुमाले माहीत आहे ताई. तिथं पाच-पाच वर्षं खेळून राहिलेल्या." मग जरा थांबून म्हणाली, "मुक्का लागते म्हणून बॉक्सिंग सोडा लागते का?"

सुरेशभाऊंना फोन लावला. खाणीचा आवाज मागे. ते म्हणाले, "सर म्हणते काई नाही. फोटो निघाला न जी? फोटोत नाही तं मंग हाये कुठं?" अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणजे मोडलंच समजा, असं मी सांगितलं, ते ऐकून त्यांनी 'हो जी' म्हटलं. त्यांनी आयुष्यभर साहेब लोकांना 'हो जी' म्हटलं होतं आणि मी तर साहेबही नव्हते.

दुसरा फोटो काढायला तिला कोणी नेलं नाही. चाचणीला मी रिंगच्या तिच्या कोपऱ्यात होते. पट्टी जाड बांधली. पहिला राउंड तिने डाव्या हातावर काढला, आणि चांगला काढला. दुसऱ्यात समोरचीने ओळखलं की उजवा येत नाही. ती सरळ उजवीकडून आत शिरायला लागली. आचलने शेवटी उजवा मारला. मागचा पाय पूर्ण फिरला, कंबर आली, खांदा आला, आणि त्या सगळ्याचा जोर त्या काजूएवढ्या हाडावर जाऊन बसला. इतका नीट पंच तिने आधी कधी मारला नव्हता. ती गुडघ्यावर बसली. मी टॉवेल टाकला, म्हणजे तिच्या वतीने हार मानली.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरने फोटो उजेडावर धरला. हाडाचे दोन तुकडे, मध्ये फट, एक तुकडा पांढरट. "हे जुनं आहे," ते म्हणाले. "कधीचं?"

आचल म्हणाली, "तान्ह्या पोळ्याचं."

ऑपरेशन करायचं ठरलं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवायचा आणि स्क्रू लावायचा. हात पहिल्यासारखा होईल का, असं सुरेशभाऊंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, लिहिता येईल.

ऑपरेशनच्या आधी मी मंडळाला बैठक लावायला भाग पाडलं. मागणी दोनच. बॅग सगळ्यांसमोर फाडा. आणि हात हॉलमध्ये, मंडळाच्या कोचच्या देखरेखीखाली, मंडळाच्या बॅगेवर मोडला असं मंडळाने मान्य करून उपचाराची जबाबदारी घ्यावी. मी अशा बैठकांना नवी नाही. वस्तीत पत्रकं वाटत मोठी झाले आहे. माइकवर बोलायची सवय आहे. मला वाटलं, बॅग फाडली की विषय संपला.

बॅग फाडली. वरच्या चिंध्या ओल्या, कुबट. खाली काळा गोळा, बॅगेच्याच आकाराचा, घट्ट, जमिनीवर पडला तेव्हा फरशीला चीर गेली. लांजेवार सर त्या गोळ्याकडे बघत राहिले. त्यांनी वाकून त्याला हात लावला आणि हात तसाच ठेवला. त्या क्षणी त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

अध्यक्षसाहेब मात्र गोळ्याकडे बघतच नव्हते. ते सुरेशभाऊंकडे बघत होते.

"हे खाणीतलं आहे ना?"

"हो जी."

"आणलं कोणी?"

"मीच आणलो जी. सर म्हणाले..."

"सर काय म्हणाले ते राहू द्या. खाणीतून माल बाहेर काढायले गेटपास लागते ना? होता?"

सुरेशभाऊंनी नाही म्हणून मान हलवली.

"ठेकेदाराले विचारलं होतं?"

"पडून राहते जी ते. कामाची नसते."

"पडून राहते म्हणजे मालक नाही का तिचा?" साहेबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी काही म्हणत नाही. पण लेखी घ्यायचं म्हटलं तर सगळंच लेखी येईन. बॅग कोणी भरली. माल कुठून आला. तुमीच सांगा, लिहायचं का?"

मी उठले. म्हटलं, "भरायला कोणी सांगितलं तेही लिहा. मी तीनदा अडवलं तेही लिहा. पहिल्या डॉक्टरने काय सांगितलं तेही लिहा."

मी लांजेवार सरांकडे बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. 'मी सांगितलं.' एवढंच. ते काळा झालेला हात रुमालाला पुसत होते.

आचल उठली. "चला बाबा," म्हणाली.

बाहेर मैदानात मी तिला थांबवलं. सांगितलं की हे घाबरवणं आहे, आपण तहसीलवर बसू, पत्रक काढू, वर्तमानपत्रात देऊ. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, तुमचं पत्रक निघन. माह्या बापाची हजेरी जाईन."

आम्ही चळवळीतले लोक ज्याच्यासाठी लढतो त्याचं घर कशावर चालतं हे बऱ्याचदा शेवटी विचारतो. तिने सांगितलं तसं मी केलं. पत्रक काढलं नाही. मंडळाने महिनाभरात मला यायला नको म्हणून कळवलं, तेही मी मुकाट्याने घेतलं.

पण बैठकीत बोललेली गोष्ट हॉलमध्ये राहत नाही. नाकाडोंगरीपर्यंत ती अशी पोचली की सुरेश मेश्राम खाणीतला माल मोहाडीला नेऊन देत होता. कोणी तक्रार केली नाही, चौकशी झाली नाही. ठेकेदाराच्या मुकादमाने एका सकाळी सांगितलं, "दादा, तुमी आता घरी राहा." बस. गप्प राहून जी हजेरी वाचवायची होती ती गप्प राहूनही गेली. सुरेशभाऊ आता धानाच्या हंगामात मिलवर पोती उचलतात, बाकी मिळेल ते.

आचलचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण मनगट मागे वळत नाही. तिने बॉक्सिंग सोडलं आणि साध्या कोट्यातून पोलीस भरतीची तयारी केली. धावण्यात ती गटात पुढे होती. भरतीत गोळाफेकही असते. गोळा तळव्यावर घेऊन मनगट मागे वाकवून मानेजवळ टेकवावा लागतो, तरच तो पुढे जातो. तिचा गोळा मानेपर्यंत पोचला नाही. तिथेच पायाजवळ पडला. मैदानातल्या शिपाई बाईंनी, भल्या होत्या, तिला नियमाप्रमाणे पुन्हा संधी दिली. पुन्हा तेच झालं.

मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती. तुमसरला कापडाच्या दुकानात काम करते. म्हणाली, "ताई, आता लिहा."

"नाव बदलू का?"

"कायले? आता जाऊन जाऊन काय जाईन?"

म्हणून नाव लिहिलं आहे.

या प्रकरणातून मी जे शिकले ते कोरडं आहे. पंचची ताकद पायातून, कमरेतून आणि विश्रांतीतून येते. बॅग ती मोजते फार तर, देत नाही. जड वस्तूवर मारत राहून हात जड होत नाही, हात संपतो. आणि दुसरं, गरीब माणसाने प्रेमाने आणून दिलेली वस्तू साहेब लोक आनंदाने वापरतात, आणि गरज पडली की तीच वस्तू त्याच्यावर पुरावा म्हणून ठेवतात.

त्या हॉलमध्ये नवी बॅग आली आहे. मला आत जाऊ देत नाहीत, त्यामुळे ती कशाने भरली आहे मला माहीत नाही. तुम्हाला जाऊ देतील. तुमची मुलगी, पुतणी, शेजारची पोरगी जिथे शिकते त्या हॉलमध्ये या आठवड्यात जा. बॅगेच्या तळाशी अंगठा दाबा. अंगठा आत गेला नाही तर ती बॅग तुमच्यासमोर खाली उतरवायला लावा, कोचला आवडो न आवडो. आणि कधी एखाद्या बैठकीत एखाद्या बापाला उभं करून 'हे आणलं कोणी' असं विचारलं गेलं, तर तिथे खुर्चीवर बसून राहू नका. उठा आणि मोठ्याने विचारा, या बॅगेवर मारायला सांगितलं कोणी. उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.